विहीर आलीच नाही

माळ्यावरून जुना कॉम्प्युटर खाली काढताना आधी पाल पडली. मेलेली, वाळून कडक झालेली. ती नेमकी माझ्या पायावर पडली आणि मी स्टुलावरून पडता पडता राहिलो. सीपीयूचं झाकण उघडलं तर आत झुरळांची अंडी, जळमटं आणि पंख्याच्या पात्यांवर काळा चिकट थर. फडकं फिरवलं तर तो निघायच्या ऐवजी पसरला. कीबोर्डाच्या फटींत शेंगदाण्याची सालं, केस आणि नखांचे तुकडे होते. ती नखं माझीच असणार, कारण दुसऱ्या कुणाला मी त्या कीबोर्डाला हात लावू देत नसे.

"शी. यावर तू काम करायचास?" आक्का म्हणाली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. खाली झुरळं पळत होती म्हणून ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, पदर नाकाला लावून. तिच्यासाठीच हा सगळा उद्योग चालला होता. नवा लॅपटॉप घेऊन मला दोन महिने झाले होते आणि जुन्यातलं काहीही त्यावर घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. दुकान बंद केलं, विषय संपला, एकदाचा भंगारवाला येऊन तो डबा घेऊन गेला की सुटलो, असं मला वाटत होतं. पण आक्का आली आणि म्हणाली, "भाऊ, मला ते प्लॉटचं पांप्लेट पाहिजे."

तिचा पैठण रोडवर, चितेगावच्या अलीकडं एक प्लॉट आहे. दाजी तिकडच्याच एका कारखान्यात मशीनवर होते. आता ते निवृत्त झालेत आणि दोघं अजून भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात, कारण त्या प्लॉटला पाणी नाही. बोअर घेतलं तर नुसता फुफाटा वर आला. घर कुठनं बांधणार? प्लॉटवर बाभळी वाढल्यात आणि लोक तिथं दारूच्या बाटल्या टाकतात. प्लॉट घेताना विकणाऱ्यानं लांबची झाडं दाखवून सांगितलं होतं की त्या झाडांमागं आपली विहीर आहे, पाइप टाकायचा तेवढा बाकी आहे. चारपानी ब्रोशरवर त्या विहिरीचा फोटोही होता, काठोकाठ भरलेली, आणि खाली लिहिलं होतं, 'सर्वांसाठी कायमस्वरूपी पाणी'. पाइप काही आला नाही. झाडांमागं विहीरही नव्हती, एक पडकी खोली होती. आज करतो, उद्या करतो म्हणत त्यानं सगळ्यांना झुलवत ठेवलं, आणि आता तोंड वर करून म्हणतो की विहिरीचं आम्ही कधी बोललोच नाही.

शेवटी सगळे प्लॉटवाले मिळून वकिलाकडं गेले. वकील म्हणाले, ब्रोशर आणा, त्यावर विहीर दिसली की पुढचं मी बघतो. पण ब्रोशर कुणाकडंच नव्हतं. आक्कानं मात्र ते पेटीत साडीखाली जपून ठेवलं होतं. उघडून बघितलं तर वाळवीनं चाळणी केलेली, हातात घेतलं की भुगा.

"पांप्लेट तुझ्याच दुकानातलं ना?" ती म्हणाली. "मग तुझ्या कॉम्प्युटरात असलंच की. सोमवारी तारीख हाये. दाजी तर आतापासून म्हणायलेत, झालं आपलं घर."

तिच्या चेहऱ्यावर इतकी खात्री होती की मला तिच्याकडं बघवेना.

आता माझ्या दुकानाबद्दल सांगायला पाहिजे, आणि सांगताना मला माझाच वीट येतो. पैठण गेटजवळ एका जिन्याखाली माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, अर्ज, सगळं. त्या वर्षांत पावसानं पाठ फिरवली होती. हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळायची. घरी नळ आठवड्यातनं एकदा यायचा, तोही गढूळ, आणि प्रत्येक दारापुढं निळे ड्रम उभे असायचे. आणि नेमकं त्याच वर्षांत हे शहर फुगत चाललं होतं. जिथं गवत उगवत नाही अशा खडकाळ रानात फक्कीच्या रेघा मारायच्या, दगड रोवायचे, कमान उभी करायची की झाली कॉलनी. जिकडं जावं तिकडं कमानी, आणि कमानीच्या आत काही नाही.

माझ्याकडं तेव्हा दोनच कामं जोरात होती. सकाळी बाया आणि म्हातारे यायचे, टँकर मिळावा म्हणून अर्ज टाइप करून घ्यायला. घसा कोरडा, कपडे मळलेले, हातात नावांची यादी. दुपारी प्लॉट विकणाऱ्या पार्ट्या यायच्या, अत्तर मारून, ब्रोशर करून घ्यायला. सकाळी मी 'पिण्याच्या पाण्यावाचून अतोनात हाल होत आहेत' टाइप करायचो आणि दुपारी 'मुबलक गोड पाणी' टाइप करायचो. त्याच बोटांनी. मला काहीच वाटायचं नाही. वाटायचं ते एवढंच की मधे जेवायला वेळ मिळत नाही.

आणि काम करायची आमची पद्धत. नवं काही करायचंच नाही. पार्टी येणार, खुर्चीत बसणार आणि म्हणणार, "त्या कॉलनीचं केलं ना, सेम टू सेम करा. बस, नाव बदला." मग मी मागच्या पार्टीचं ब्रोशर उघडायचो, कॉलनीचं नाव खोडून दुसरं टाकायचो, हिरवा रंग काढून निळा टाकायचो. मंदिर पाच मिनिटांवर, शाळा दहा मिनिटांवर, पाणी चोवीस तास. सगळ्या कॉलन्यांना मंदिर पाचच मिनिटांवर. कुणी मला प्लॉट दाखवायला नेलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मात्र माझ्या दुकानाचं नाव टाकायचो, न चुकता. तेवढी जाहिरात फुकट.

त्या बारीक अक्षरांनीच घात केला. एका रविवारी आक्का आणि दाजी पेढे घेऊन घरी आले. "प्लॉट घेतला," आक्का म्हणाली. "तुला आधी सांगितलं नाय, म्हणलं एकदम सांगू." मग तिनं पिशवीतून ब्रोशर काढलं आणि तळाशी बोट ठेवलं. "हे बघ, तुझ्या दुकानाचं नाव. मी ह्यांना म्हणले, आपल्या भाऊनं छापलंय म्हणजे त्यानं बघितलं असंल. तो काय खोटं छापायचा न्हाय."

मी काय केलं? पेढा खाल्ला. 'छान झालं' म्हणालो. दाजींनी दुसरा पेढा पुढं केला, तोही खाल्ला. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं की आक्का, मी ती जागा बघितलेली नाही, ते पाणी मी टाइप केलेलं पाणी आहे. व्यवहार नुसता बोलाचालीचा होता, मोडता आला असता. पण बहिणीपुढं आपण कोण आहोत ते उघडं पडंल, ही भीती. त्या पेढ्यांची चव मला आजही आठवते आणि आठवली की थुंकावंसं वाटतं.

तर कॉम्प्युटर सुरू झाला. घरघर केली, दोनदा बंद पडला, तिसऱ्यांदा चालला. मॉनिटर अर्धा हिरवा दिसत होता. तापला की आपोआप बंद पडायची त्याला जुनीच खोड, म्हणून जे पाहिजे ते पेन ड्राइव्हवर घ्यायचं, लॅपटॉपवर उतरवायचं आणि तिथं उघडायचं, असं मी ठरवलं. जुळणीचं तेच जुनं सॉफ्टवेअर आणि जुने फॉन्ट लॅपटॉपवर आधीच टाकून ठेवले होते. पण जुन्यानं नवा मोठा पेन ड्राइव्ह ओळखलाच नाही. ड्रॉवर उपसून एक जुना छोटा काढला, तो ओळखला.

फोल्डर उघडले तर उकिरडा. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल एकदम', 'पार्टी ओके'. कशात काय आहे ते माझं मलाच कळेना. एकेक उघडून बघत गेलो. सगळीकडं तेच, फक्त नावं वेगळी. आणि त्यांच्याच शेजारी, त्याच फोल्डरात, टँकरचे अर्ज. एका अर्जावर कॉलनीचं नाव वाचलं आणि थांबलो. त्याच कॉलनीचं ब्रोशर वरच्या ओळीत होतं. म्हणजे मी आधी लोकांना तिथं पाणी आहे म्हणून सांगितलं, ते राहायला गेले, आणि मग तेच लोक पाणी नाही म्हणून माझ्याकडंच अर्ज टाइप करायला आले. मी दोन्ही कामं केली. ती माणसं समोर खुर्चीत बसली असतील तेव्हा मला नाव ओळखीचंसुद्धा वाटलं नाही का? बहुतेक वाटलं असंल. वाटूनही मी टाइप केलं असंल.

"सापडलं का?" आक्का.

"थांब की जरा. घाई केली की हा बंद पडतो."

"तुझ्यावरच गेलाय," ती म्हणाली, आणि पदराआड हसली.

सापडलं. नेमकं तिच्याच प्लॉटचं, नाव न बदललेलं, 'छापायला' नावाच्या फोल्डरात. मला खरं तर वाटत होतं की त्याच्यावर दुसरं काहीतरी करून मी ते पुसून टाकलं असंल, माझ्या सवयीप्रमाणं. आणि खोटं कशाला सांगू, ते नाही सापडलं तर बरं, असंही आत कुठंतरी वाटत होतं. ब्रोशर पेन ड्राइव्हवर घेतलं, लॅपटॉपवर उतरवलं, उघडलं. पहिलं पान आलं. कमान आली, नकाशा आला, मंदिर पाच मिनिटांवर आलं. तिसऱ्या पानावर 'सर्वांसाठी कायमस्वरूपी पाणी' हे शब्द आले, आणि त्यांच्यावर नुसता करडा चौकोन. चौकोनात फुली.

आक्का पलंगावरून उतरून चष्मा लावून जवळ आली.

"विहीर कुठंय?"

"आली नाही. फोटो वेगळा असतो, ब्रोशरमधे नुसता त्याचा पत्ता असतो. तो त्या जुन्यात कुठंतरी दुसऱ्या फोल्डरात राहिला असंल."

"म्हंजे तिथंबी नाय अन् इथंबी नाय," ती म्हणाली. "बघ बाबा नीट. वकील म्हणले, विहिरीचा फोटोच पाहिजे. नुसत्या शब्दाला तो प्लॉट विकणारा म्हणंल, पाणी म्हंजे नळाचं."

त्या करड्या चौकोनावर क्लिक केलं की फोटोचा पत्ता दिसतो. मी क्लिक केलं. मला वाटलं होतं कुठल्यातरी सीडीवरचा फोटो असंल, तेव्हा असल्या चित्रांच्या सीड्या मिळायच्या. पत्ता आला तो असा: 'घरचे फोटो', त्यात 'जुने', त्यात 'विहीर'.

आठवलं. तोवर खरंच विसरलो होतो, आणि मला वाटतं हे विसरणंच सगळ्यात घाण आहे. मुद्दाम केलेलं पाप माणूस निदान उराशी धरून तरी बसतो.

झालं होतं असं. दुकानात नवा स्कॅनर आणला तेव्हा तो चालवून बघायला मी घरचा अल्बम नेला होता. त्यात आक्काचा एक फोटो होता. तिच्या लग्नाचं बघत होते तेव्हा स्थळांना दाखवायच्या फोटोसाठी पैठणहून फोटोग्राफर आमच्या रानात आला होता. एक फोटो भिंतीपुढं काढला, तोंड मिटून, पदर दोन्ही खांद्यांवर. तो स्थळांकडं गेला. मग रीळ उरलं म्हणून त्यानं एक विहिरीवर काढला. आक्का काठावर घागर घेऊन उभी, आई मागून ओरडत होती, 'हसू नको गं', आणि त्यानंच तिला आणखी हसू आलेलं. तो फोटो कुणालाच पाठवला नाही. तो आमच्याच अल्बमात राहिला. पुढं रान विकलं, विहीर बुजवली, आता तिथं कसलं तरी गोदाम आहे. जाताना पत्र्याचं छप्पर दिसतं.

स्कॅन करून झाल्यावर त्याच आठवड्यात ही पार्टी आली, पुढं आक्काला प्लॉट विकणारा. 'त्या अमुक कॉलनीसारखंच करा,' म्हणाला. 'पण पाण्याचं काहीतरी दाखवा. लोक पाण्यावर जातात. टाका एखादी विहीर.' मी 'विहीर' शोधलं, समोर हाच फोटो आला. काठोकाठ पाणी, त्या वर्षांत असं पाणी बघायलाच मिळत नव्हतं. पार्टी खूश. फक्त म्हणाला, 'बाई नको. बाई काढा, नुसतं पाणी दिसू द्या.' मी चौकोन लहान केला. आक्का चौकोनाच्या बाहेर गेली. एका सेकंदाचं काम. मग मी चहा मागवला.

"मिळालं का?" ती माझ्या खांद्यामागं उभी होती. तिच्या श्वासाचा आवाज येत होता.

त्या घडीला मी चक्क खोटं बोलायला तोंड उघडलं. 'फाइल खराब झालीय, गेली आता' हे वाक्य तयार होतं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो होतो. जुना कॉम्प्युटर तर माझ्या मदतीलाच उभा होता, पंखा नुसता ओरडत होता, पाच मिनिटं थांबलो असतो तर आपोआप बंद पडला असता आणि कदाचित परत चाललाही नसता. मी खरोखर पाच मिनिटं थांबलो. म्हणजे थांबायला लागलो. मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, नुसता, आधाराला, तिचे गुडघे दुखतात म्हणून, आणि मला माझी इतकी शिसारी आली की मी फोटो पेन ड्राइव्हवर टाकून लॅपटॉपवर घेतला आणि ब्रोशरला जोडला.

करडा चौकोन गेला आणि विहीर आली.

"हीच," आक्का म्हणाली. "हीच बघ ती. किती पाणी हाये." आणि मग, "वकील म्हणले होते, मूळ फोटो वेगळा मोठा करून द्या. तेवढं कर."

मी तो फोटो सुटा उघडला. पूर्ण. डाव्या बाजूला ती उभी होती, घागर कमरेवर, दात दिसतील एवढी हसत. काठावर तिच्या चपला होत्या.

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. स्क्रीनच्या अगदी जवळ गेली.

"ही मी," ती म्हणाली.

"व्हय."

"हे आपलं रान."

"व्हय आक्का."

"मग पांप्लेटात मी कामून नाय?"

"कापलं मी. पार्टी म्हणली, बाई नको."

मला वाटलं ती आता मला बोलंल. तिनं शिव्या घालाव्यात असं मला मनापासून वाटत होतं, लहानपणी देत होती तशी एक ठेवून द्यावी. पण ती पलंगावर जाऊन बसली. आता पाय वर घ्यायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही. जुना कॉम्प्युटर तेवढ्यात आपोआप बंद पडला आणि खोलीत एकदम शांत झालं.

"वकील विचारतेन, फोटो कुठला," ती म्हणाली. "मी काय सांगू?"

"खरं सांग. माझ्या भावानं टाकला म्हण. मी येतो सोमवारी, मी सांगतो उभा राहून."

"तू यायचास?"

"येतो."

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मी पेन ड्राइव्ह काढून तिच्या हातात दिला. तिनं तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. चहा केला होता, तो गार झाला होता. दाराशी चपला घालताना ती भिंतीला धरून थांबली. माझ्याकडं बघत नव्हती.

"ह्यांच्या मनात हर्सूलकडचा प्लॉट होता," ती म्हणाली. "तिथं बोअरला पाणी लागलेलं होतं. मीच नको म्हणले. ह्यांना हे पांप्लेट दाखवलं अन् म्हणले, बघा तरी, ही विहीर अगदी आमच्या रानातल्यासारखी दिसती, आपण इथंच घेऊ."